२१४७४८३६४७ म्हणजे काय? ३२ बिटचा शेवटचा आकडा

गेममधली नाणी २१४७४८३६४७ वर येऊन अडकल्याचा स्क्रीनशॉट तुम्ही कधी पाहिलाय का? वाचायचं तर दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. आकडा विचित्र वाटतो, पण मला तो फार आवडतो. का ते सांगतो.

हा आकडा येतो कुठून?

कॉम्प्युटर फक्त ० आणि १ ओळखतो. ३२ बिट म्हणजे ३२ घरं. त्यातलं एक घर अधिक-उणे चिन्हासाठी गेलं की उरतात ३१. त्या सगळ्या घरांत १ भरला की होतो २ चा ३१ वा घात वजा १, म्हणजेच आपला आकडा. त्यात आणखी १ मिळवला तर? जावामध्ये करून बघा, उत्तर येतं उणे २१४७४८३६४८! गाडीचं मीटर ९९९९९ नंतर शून्यावर येतं ना, तसंच काहीसं.

गणितात याला मान का?

ही मूळ संख्या आहे. १ आणि स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. १७७२ मध्ये ऑयलरने हे सिद्ध केलं, तेही हाताने! वर्गमूळ ४६,३४० च्या आसपास, म्हणजे तिथपर्यंतच्या साडेचार हजारांहून जास्त मूळ संख्यांनी भागून बघायला हवं. पण विभाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरेल, हे गणिताने ठरतं. त्यामुळे काम पावणेचारशेच्या आसपास भागाकारांवर आलं.

या आकड्याला २ च्या ३० व्या घाताने गुणलं की २३०५८४३००८१३९९५२१२८ ही परिपूर्ण संख्या मिळते. म्हणजे स्वतःला सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज तीच संख्या, जसं ६ = १ + २ + ३.

आपल्याला काय फरक पडतो?

२०१४ मध्ये 'गंगनम स्टाईल' गाण्याचे व्ह्यूज या मर्यादेपुढे गेले आणि यूट्यूबने काउंटर ६४ बिटचा केला.

पैशांचंही तसंच. एखाद्या ॲपने रक्कम पैशांत मोजून ३२ बिटमध्ये ठेवली, तर २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैशांपुढे हिशोब कोलमडेल.

खरी परीक्षा २०३८ ची. अनेक सिस्टिम १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून वेळ ठरवतात. ज्या ३२ बिटमध्ये मोजतात, त्यांचे सेकंद १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपतील. पुढच्याच सेकंदाला त्यांच्यासाठी १९०१ साल उजाडेल!

मग घाबरायचं का?

नाही. सध्याचे बहुतेक फोन ६४ बिटचे आहेत. त्यांची मर्यादा १९ अंकी आहे (गंमत म्हणजे ती मूळ संख्या नाही, तिला ७ ने भाग जातो). काळजी आहे ती जुनी यंत्रं आणि वर्षानुवर्षं अपडेट न झालेल्या सॉफ्टवेअरची. आणि हो, २०३८ ची तारीख टाकून आपल्या रोजच्या फोनवर प्रयोग करू नका. तारीख चुकली की बँकेची ॲप्स आणि वेबसाइट्स अडून बसतात.