फुकट व्हिडिओंचा हिशेब

पॉर्नचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं दोनच वाटांनी जातं: संस्कृती बुडाली, नाहीतर सरकारने बंदी घालावी. मला मात्र साधा पैशाचा प्रश्न पडतो. एकेकाळी महाग असलेली ही गोष्ट फुकट कशी झाली, आणि ती फुकट झाल्यावर पैसा गेला कुठे?

त्यासाठी लॉस एंजेलिसजवळच्या सॅन फर्नांडो व्हॅलीत जावं लागतं. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत घरोघरी व्हीसीआर येऊ लागले. तोवर असे सिनेमे बघायला तोंड लपवत थेटरात जावं लागायचं. आता कॅसेट घरी नेता येऊ लागली. हॉलीवूड शेजारीच, त्यामुळे कॅमेरामन, लाइटवाले, एडिटर सहज मिळत. १९८८मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने हॅल फ्रीमन या निर्मात्याच्या खटल्यात निकाल दिला, की कलाकारांना चित्रीकरणाचे पैसे देणं म्हणजे वेश्याव्यवसायासाठी माणसं पुरवणं नव्हे. त्यानंतर हा धंदा तिथे उजळ माथ्याने चालू लागला.

इंटरनेटने सुरुवातीला या लोकांचं भलंच केलं. १९९५मध्ये डॅनी अ‍ॅश या मॉडेलने स्वतःची वेबसाइट काढली आणि पुढे ती वर्गणीवर चालवली. मधला स्टुडिओ नाही, दुकानदार नाही.

मग २००५मध्ये यूट्यूब आलं. डाउनलोडची वाट न बघता व्हिडिओ थेट ब्राउझरमध्ये चालू लागला. त्याच धर्तीवर २००६मध्ये यूपॉर्न आणि २००७मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलहून पॉर्नहब सुरू झालं. व्हिडिओ कोणीही चढवायचा, बघायला पैसे नाहीत, साइटची कमाई जाहिरातींतून. अमेरिकेच्या १९९८च्या कॉपीराइट कायद्यात एक सोय होती: लोकांनी चढवलेल्या मालाबद्दल तक्रार आल्यावर साइटने तो तातडीने काढला, तर ती सहसा दोषी ठरत नाही. म्हणजे चोरी शोधायचं काम ज्याची चोरी झाली त्याचंच. आज काढलेला व्हिडिओ उद्या दुसऱ्या नावाने परत हजर. डीव्हीडी विकणारे स्टुडिओ यात भरडले गेले.

२०१०मध्ये फाबियान थिलमान या जर्मन उद्योजकाने पॉर्नहबची कंपनी विकत घेऊन तिला मॅनविन नाव दिलं. २०१२मध्ये या कंपनीने डिजिटल प्लेग्राउंड हा नावाजलेला स्टुडिओही घेतला. ज्या साइटींमुळे दुकानं ओस पडली, त्यांच्याच मालकाने दुकानं घेतली.

कलाकारांना या धंद्यात सहसा एका सीनचे एकदाच पैसे मिळतात, रॉयल्टी नाही. व्हिडिओ कितीही फिरला तरी त्यांच्या हातात पुढे काही पडत नाही. पण मला त्याहून भयंकर वाटतं ते सॅन डिएगोचं प्रकरण. गर्ल्सडूपॉर्न या साइटने तरुण मुलींना सांगितलं होतं, की हे व्हिडिओ परदेशात डीव्हीडीवर विकले जातील, इंटरनेटवर येणार नाहीत. ते आले, आणि मुलींच्या ओळखीच्यांपर्यंत पोचले. २२ जणींनी दावा लावला आणि जानेवारी २०२०मध्ये न्यायालयाने त्यांना सव्वा कोटी डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली. फसवणाऱ्यांनी थाप मारली होती ती जुन्या काळाच्या भरवशावर. डीव्हीडीचा प्रसार निदान मर्यादित असतो, असं कोणालाही वाटेल.

पॉर्नहबवरचे संमतीविना चढवलेले व्हिडिओ काढा म्हणून अनेकजणी वर्षानुवर्षं तक्रारी करत होत्या. डिसेंबर २०२०मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने हा विषय लावून धरला, व्हिसा आणि मास्टरकार्डने तिथले व्यवहार थांबवले, आणि ओळख न पटवलेल्या खात्यांचे लाखो व्हिडिओ काही दिवसांत हटले.

आता अनेक कलाकार लंडनहून २०१६मध्ये सुरू झालेल्या ओन्लीफॅन्सवर आहेत. कमाईतले ८० टक्के त्यांचे, २० टक्के साइटचे. पण ऑगस्ट २०२१मध्ये या साइटने बँकांकडे बोट दाखवून असा मजकूर बंद करायचं जाहीर केलं आणि आठवड्याभरात निर्णय मागे घेतला. तेवढे दिवस हजारोंची रोजीरोटी टांगणीला होती.

कॅसेटच्या काळात निर्माता कोण, हे निदान डब्यावर छापलेलं असायचं. फोनवर आपोआप सुरू होणाऱ्या व्हिडिओतल्या मुलीला शूटिंगआधी काय सांगितलं होतं, हे बघणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. आणि पैसेच दिलेले नसल्यामुळे ते विचारावं, असंही त्याला वाटत नाही.