निकालाचा दिवस : पालकांच्या बाजूने

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप समितीकडून आला तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, आपण काय लिहिणार? गॅदरिंगच्या, सहलींच्या आणि छड्यांच्या आठवणी इतर मित्र लिहितीलच. मग ठरवलं, ज्या दिवसाबद्दल आपण भेटल्यावर फारसं बोलत नाही, त्या दहावीच्या निकालाच्या दिवसाचा इतिहास लिहावा. तोही आपल्या बाजूने नको. आपण तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे होतो, आपल्याला आपल्यापलीकडे काही दिसत नव्हतं. त्या दिवशी आपले आईवडील काय करत होते, हे मी गेल्या काही महिन्यांत जमेल तसं विचारत फिरलो. काही वर्गमित्रांच्या घरी गेलो, निवृत्त झालेल्या सरांना भेटलो. ऐंशी ओलांडलेल्या दोन-तीन आयांशी बोललो. त्यातून जे हाती आलं ते इथे मांडतो.

सुरुवात थोडी मागून करावी लागेल. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. त्यात उत्तीर्ण झालेल्यांमध्ये महादेव गोविंद रानडे होते. म्हणजे मॅट्रिकच्या निकालाला आता दीडशेहून अधिक वर्षं झाली. पण आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बहुतेक घरांत मॅट्रिक ही फार नंतरची गोष्ट. आपल्या आजोबांच्या पिढीत मोठी परीक्षा म्हणजे मराठी सातवी, जिला सगळे 'फायनल' म्हणत. फायनल झालेला माणूस प्राथमिक शिक्षक किंवा तलाठी होऊ शकत असे. गावात पत्र वाचून दाखवायला लोक त्याच्याकडे येत. मुलगा फायनलला नापास झाला तर तो शेतात जाई किंवा मुंबईची वाट धरी. घरात त्याचा फार गाजावाजा होत नसे, कारण पास होईल अशी अपेक्षाच थोड्यांकडून असे.

स्वातंत्र्याच्या सुमारास मॅट्रिकची परीक्षा विद्यापीठाकडून एस.एस.सी. बोर्डाकडे आली. पुढे १९६५ च्या कायद्याने राज्याचं मंडळ झालं आणि १९६६ पासून त्याचा कारभार सुरू झाला. तरी गावात सगळे मॅट्रिकच म्हणत राहिले. तेव्हा परीक्षा अकरावीला होती. १०+२+३ चा आकृतिबंध आला आणि १९७५ साली जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली तुकडी एकाच वर्षी परीक्षेला बसली. आपल्या एका मित्राच्या घरी थोरला भाऊ अकरावीला आणि धाकटी बहीण दहावीला होती. त्यांच्या आई मला म्हणाल्या, "एकाच दिवशी एक पास आणि एक नापास झालं असतं तर हसायचं का रडायचं, याच विचारानं मला आठवडाभर झोप नव्हती." दोघंही पास झाली. पण निकालाची काळजी पालक कशी आधीपासून करत बसतात, ते त्या वाक्यातून मला समजलं.

आता आपला काळ. आपण मार्च १९८३ ला बसलो, निकाल जूनमध्ये लागला. आजच्या मुलांना सांगून पटत नाही, पण निकाल तेव्हा एस.टी.ने यायचा. शाळेचे क्लार्क निकालपत्रकं आणायला जायचे आणि ते कोणत्या गाडीने परत येणार याची बातमी सकाळीच गावभर झालेली असायची. शिपाईमामा व्हरांड्यातल्या फळ्यावर यादी लावायचे. आपण सगळे त्या फळ्यावर तुटून पडायचो.

पालक मात्र फळ्यापाशी नसायचे, ही गोष्ट मला आत्ता विचारताना लक्षात आली. शाळेच्या फाटकाच्या आत त्या दिवशी एकही पालक येत नसे. कुणी स्टँडवरच्या हॉटेलात एकच चहा तासभर पीत बसे, कुणी सायकलच्या दुकानात हवा नीट असलेल्या चाकात पुन्हा हवा भरून घेई. एका मित्राचे वडील त्या दिवशी मुद्दाम लांबच्या रानात पाणी धरायला गेले होते. आया घरी. एका आईने सांगितलं की त्या दिवशी त्यांनी दोनदा घर सारवलं. आपल्याला वाटे, घरच्यांना निकालाचं काही पडलेलं नाही. खरं तर शाळा ते घर एवढ्या वाटेत मुलाला तोंड धुवायला, श्वास घ्यायला वेळ मिळावा आणि आपल्यालाही मिळावा, अशी ती न बोलता पाळलेली रीत होती.

त्या वर्षी आणखी एक गोष्ट होती. आपल्या गावातली कितीतरी माणसं मुंबईच्या गिरण्यांत होती. एरवी निकाल लागला की पोस्टात तार करायला रांग लागे. तारखात्याकडे शुभेच्छांचे ठरावीक मजकूर असत, त्यातला एक परीक्षेतल्या यशाबद्दल अभिनंदनाचा. क्रमांक सांगितला की तार जाई. नापास झालेल्यासाठी तयार मजकूर नव्हता. त्यांच्या घरून तार जायचीच नाही आणि मुंबईच्या खोलीत बसलेल्या बापाला न आलेल्या तारेवरून निकाल कळायचा. १९८३ च्या जूनमध्ये मात्र तारेची गरज पडली नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला होता, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर होते आणि आपल्यापैकी अनेकांचे वडील गावीच बसून होते. माझे आबा लालबागच्या एका गिरणीत होते. तेही त्यांतलेच.

इथे मला स्वतःचं सांगायला हवं. माझ्या बरोबरच्यांना ठाऊक आहे, पुढच्या बॅचना नसेल. मी गणितात नापास झालो. सात गुण कमी पडले. फळ्यावर माझा नंबर बघितला आणि मी मागच्या बाजूने नदीवर गेलो. अंधार पडला तरी तिथेच बसलो होतो. बॅटरीचा उजेड दिसला तेव्हा ओळखलं, आबा आलेत. त्यांना कुणीतरी आधीच सांगितलं होतं. मला वाटलं, आता मार बसणार. ते एवढंच म्हणाले, "जेवायला चल. तुझी आई उपाशी बसलीया."

घरी कोनाड्यात पेढ्यांचा पुडा होता. संपाच्या दिवसांत, उधारीवर आणलेला अर्धा किलो. सकाळी आबांनी तो पुडा उचलला आणि शेजारच्या पास झालेल्या मित्राच्या घरी नेऊन दिला. "आमच्याकडून पोराला," म्हणाले. तिथून ते सरळ शाळेत गेले. आपल्या गणिताच्या सरांना भेटले आणि विचारलं, "आक्टोबरचा फॉर्म कधी भरायचा?" सरांनी त्यांना बसवून घेतलं. यशवंतराव चव्हाण सत्याग्रहात तुरुंगात गेले, त्यामुळे मॅट्रिक व्हायला त्यांना १९३४ साल उजाडलं, हेही सांगितलं. सर नापास मुलांच्या बापांना हे दरवर्षी सांगत असत, हे त्यांनीच मला परवा हसत कबूल केलं. "कारण वेगळं होतं, पण बापाला उठून उभं राहायला तेवढं पुरायचं," म्हणाले. चार महिने संध्याकाळी त्यांनी मला फुकट शिकवलं. दिवाळीनंतरच्या निकालात मी पास झालो. सर, त्या वेळी आभार मानायचे राहून गेले होते, ते इथे छापून मानतो.

मुलींच्या घरचा निकालाचा दिवस आणखी वेगळा होता. आपल्या वर्गातली एक मैत्रीण फर्स्ट क्लासमध्ये आली. तिच्या वडिलांनी गुणपत्रिका बघितली, घडी करून ट्रंकेत ठेवली आणि दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. तिला वाटलं, वडील चिडलेत. पुष्कळ वर्षांनी आईकडून कळलं की त्याच आठवड्यात तिला एक स्थळ सांगून आलं होतं. नापास झाली असती तर प्रश्न आपोआप सुटला असता. पास झाल्यामुळे वडिलांना ठरवणं भाग पडलं. तिसऱ्या दिवशी ते एस.टी.च्या पासाचा फॉर्म घेऊन आले. ती तालुक्याच्या कॉलेजला गेली आणि पुढे शिक्षिका झाली. परवा ती मला म्हणाली, "माझी परीक्षा मार्चमध्ये झाली, अण्णांची जूनमध्ये."

आपल्यानंतर हा दिवस झपाट्याने बदलला. गुणवत्ता यादीचं महत्त्व वाढलं. पेढा भरवणाऱ्या आईवडिलांचे फोटो पेपरात येऊ लागले आणि ज्यांची मुलं नुसती पास झाली त्यांच्या घरात ते फोटो टोचू लागले. पुढे मंडळाने ती यादी जाहीर करणं थांबवलं. टक्क्यांची चढाओढ मात्र थांबली नाही. या शतकात निकाल इंटरनेटवर आला. दुपारी एक वाजता, सगळ्या राज्यात एकदम. गुणपत्रिका शाळेतून मिळते ती नंतर. फळा गेला आणि फळ्यापासून घरापर्यंतची वाटही गेली. आता मुलाच्या खांद्यावरून बाप पडद्याकडे बघत असतो, दोघांना निकाल एकाच क्षणी कळतो. सावरायला वेळ कुणालाच मिळत नाही.

हे मी अनुभवाने सांगतो. २०१३ साली माझा मुलगा दहावीला होता. त्याच वर्षी जुलैमध्ये देशातली तारसेवा बंद झाली, म्हणून साल पक्कं लक्षात आहे. मी रजा काढून घरी बसलो होतो. एक वाजता मीच त्याचा नंबर टाकला. एकसष्ट टक्के. पुढे जे बोललो ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. म्हणालो, "आपल्या नात्यात एवढे कमी कुणालाच पडले नसतील." तो उठून आत गेला आणि दार लावून घेतलं.

आबा तेव्हा आमच्याकडे पिंपरीला होते. सोफ्यावर बसून सगळं ऐकत होते. त्यांनी विचारलं, "पास झालाय न्हवं?" मी म्हटलं, "झालाय, पण..." "मग पेढं कुठायत?" असं म्हणून ते काठी टेकत उठले, नातवाच्या दाराशी गेले आणि बाहेरूनच मोठ्यानं म्हणाले, "तुझा बाप गणितात गेला हुता. त्यानं सांगितलं न्हाई वाटतं तुला?"

खरंच सांगितलं नव्हतं. सोळा वर्षं मी ते लपवून ठेवलं होतं. दार उघडलं. मुलगा माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्याने आजोबांना विचारलं, "किती मार्कांनी?" त्या संध्याकाळी पेढे आणायला आम्ही तिघं गेलो.

रात्री मी आबांना विचारलं, "त्या वेळी तुम्ही मला काहीच कसं बोलला नाही?" त्यांचं उत्तर मी जसंच्या तसं लिहितो. "दीड वरीस घरी बसून हुतो. रोजच नापास हुतो की. पोराला काय म्हणून बोलू?" संपावर मी बरंच वाचलंय, भाषणंही ऐकलीत. पण आमच्या घरात तो संप कसा शिरला होता, हे मला त्या एका वाक्यात तीस वर्षांनी कळलं. आबा आज नाहीत.

आता परीक्षेचे नियम पुष्कळ मवाळ झालेत. ऑक्टोबरची वाट न बघता जून-जुलैतच फेरपरीक्षा होते, मंडळ समुपदेशकांचे फोन नंबर जाहीर करतं. २०२० साली टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही. २०२१ साली तर परीक्षाच रद्द झाली, निकाल ९९.९५ टक्के लागला आणि त्या दिवशी संकेतस्थळ बंद पडलं. जवळपास सगळेच पास, हे माहीत असूनही तासन् तास पालक पडद्यासमोर अस्वस्थ बसून होते. म्हणजे ही भीती नापासाची उरलेली नाही. ती आपलं मूल इतरांच्या मागे पडेल याची आहे आणि तिला फेरपरीक्षा नसते.

आपण आता साठीच्या उंबरठ्यावर आहोत. काहींची नातवंडं लवकरच दहावीला बसतील. त्या दिवशी दुपारी एक वाजता आपण त्यांच्या खांद्यावरून वाकून बघू नये, एवढंच मला सुचवायचं आहे. बाहेर चक्कर मारून यावं, हवं तर सायकलच्या चाकात हवा भरून घ्यावी. त्यांना त्यांची वाट चालून आपल्यापर्यंत येऊ द्यावं. आणि पेढे आधीच आणून ठेवावेत. निकाल काहीही लागला तरी आपल्या गावात ते कधी वाया गेलेले नाहीत.