दार ते फुगा
शाळेत तीस वर्षं घंटेवर जगलो, म्हणून घड्याळाच्या गोष्टी मला आवडतात. अमेरिकेत २००६ साली हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मोहीम काढली: मोठा झटका आलेला रुग्ण दारात आल्यापासून ९० मिनिटांत बंद रक्तवाहिनीत फुगा फुगवायचा. युक्ती साधी! तातडीच्या विभागातल्या डॉक्टरनेच एका फोनवर सगळ्यांना बोलवायचं. २००५ मध्ये निम्म्या रुग्णांना ९६ मिनिटांहून जास्त लागत. २०१० मध्ये हा आकडा ६४ वर आला. पण २०१३ च्या एका अभ्यासात दिसलं, वेळ घटूनही रुग्णालयातले मृत्यू जवळपास तेवढेच.

घड्याळ सुरू होतं ते दारात. घरातला वेळ त्यात धरतच नाहीत. आमचे दादा सात वाजता छातीत कळ आली तेव्हा "पित्त असेल" म्हणून सोडा पिऊन आरामखुर्चीत बसले. मीही मान डोलावली. रिक्षा बोलावली तेव्हा साडेनऊ झाले होते.