सास्तूर आणि पुरवठ्याचा अभ्यास : एक उपेक्षित प्रकरण

विद्यार्थ्यांच्या संशोधनाचे प्रदर्शन भरवावे आणि उद्योगधंद्यांतील जाणत्या मंडळींना ते दाखवावे, ही प्रथा आता विद्यापीठांच्या अंगवळणी पडली आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत मालाच्या वाहतूक-पुरवठ्याचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम 1998 साली सुरू झाला. तेथील विद्यार्थी व्यवसायसंस्थांनी पुढे केलेले प्रश्न हाती घेतात आणि आपले निष्कर्ष त्यांच्यापुढे मांडतात. आपल्याकडे 2006 पासून 'आविष्कार' या आंतरविद्यापीठीय संशोधन-स्पर्धेत विद्यार्थी भित्तिपत्रके व प्रतिकृती घेऊन परीक्षकांसमोर उभे राहतात, आणि त्यांत पुरवठा-साखळीचे विषय आढळतात. या विद्येचा इतिहास सांगताना मात्र बहुधा एकच वंशावळ सांगितली जाते : युद्धकाळातील रसदशास्त्र, मग कारखाना, मग संगणक. 'पुरवठा-साखळी व्यवस्थापन' ही संज्ञाही 1982 च्या सुमारास व्यवसाय-सल्लागारांच्याच वर्तुळात रूढ झाली. महाराष्ट्रापुरते पाहिले तर ही वंशावळ अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. तिच्यात सास्तूरचे नाव यावयास हवे.

प्रथम थोडे मागे जाणे इष्ट ठरेल. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेची स्थापना 1930 साली झाली, आणि तिच्या पहिल्या काही ग्रंथांत धनंजयराव गाडगीळ व वि. रा. गाडगीळ यांनी केलेली पुण्यातील फळविक्रीची पाहणी (1933) आहे. पाठोपाठ 1935 साली मुंबई इलाख्याच्या सहा जिल्ह्यांतील मोटार-बस वाहतुकीची पाहणी निघाली. बागेतील फळ गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडेपर्यंत कोणाकोणाच्या हातांतून जाते, हा प्रश्न आज ज्या नावाने विचारला जातो ते नाव तेव्हा नव्हते, एवढाच काय तो फरक. या पाहण्यांची पद्धत साधी होती : बाजारात जाऊन उभे राहणे, विचारणे, मोजणे. त्यानंतर 1963 साली मुंबईत पवई येथे राष्ट्रीय औद्योगिक अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था निघाली. 2023 साली तिचे भारतीय व्यवस्थापन संस्थेत रूपांतर झाले. तिच्यामुळे कारखान्यांच्या प्रश्नांना हक्काचे घर मिळाले. तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले असल्याने येथे विस्तार करीत नाही.

सास्तूर हे धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील गाव. ते आज लोहारा तालुक्यात आहे. भूकंपाच्या वेळी उमरगे तालुक्यात होते. दि. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, म्हणजे गणेश-विसर्जनाची रात्र सरत असताना, 6.2 परिमाणाचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तेरणेच्या या बाजूचे सास्तूर ही सर्वाधिक हानी झालेल्या गावांपैकी होत. सरकारी गणनेनुसार या आपत्तीत 7,928 माणसे दगावली. घरे दोन फुटांहून जाड अशा दगड-मातीच्या भिंतींची, आणि वर माळवदाचा मातीचा जड थर. उन्हापासून रक्षण करणारे हे छतच निजलेल्या माणसांच्या अंगावर आले.

सास्तूरला रेल्वे नाही. कुर्डुवाडीहून लातूरकडे जाणारा बार्शी लाइट रेल्वेचा मार्ग त्या वेळी अरुंदच होता. तो रुंद होण्यास 2007-08 साल उजाडले. तेव्हा मदतीचा सारा भार सोलापूर-हैदराबाद महामार्गावर आणि त्यास मिळणाऱ्या गावरस्त्यांवर पडला. त्यातच पाऊस लागला. देशभरातून मालमोटारी लोटल्या. अशा वेळी सर्वत्र जे घडते ते येथेही घडले. जुन्या कपड्यांचे ढीग साचले. आवश्यक वस्तू मोठ्या रस्त्यालगतच्या गावांना लवकर मिळाल्या, आडबाजूच्या वस्त्यांना उशिरा. यात दात्यांच्या सद्भावाचा दोष नाही. जे फॉरेस्टर यांनी 1961 साली आपल्या औद्योगिक गतिशास्त्रावरील ग्रंथात दाखविले होते की, गिऱ्हाइकाची मागणी दुकानदार, घाऊक व्यापारी, वखार, कारखाना अशी मागे मागे जाताना प्रत्येक पायरीवर अधिक हेलकावे खाते, आणि अखेरीस ज्या मालाची गरज नाही त्याचे उत्पादन होऊन बसते. भूकंपग्रस्त गावात तर ही बाब आणखी विपरीत होते. कारण येथे मागणी नोंदविणारा गिऱ्हाईकच ढिगाऱ्याशेजारी मूक बसलेला असतो, आणि त्याच्या वतीने वृत्तपत्रातील छायाचित्र बोलते.

मग या साखळीचे शेवटचे टोक कोणी शोधून काढावयाचे? या ठिकाणी टाटा समाजविज्ञान संस्थेचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. 1936 साली स्थापन झालेल्या या संस्थेचे अध्यापक व विद्यार्थी फाळणीनंतर कुरुक्षेत्राच्या निर्वासित छावणीत कामास गेले होते. आपत्तीच्या जागी जाण्याची परंपरा तेव्हापासूनची. शिवाय सास्तूरच्याच जिल्ह्यात, तुळजापूर येथे, संस्थेचे ग्रामीण केंद्र 1986 पासून होते. भूकंपानंतर संस्थेने लातूर व उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतील बाधित कुटुंबांची पायाभूत पाहणी केली. दाराला दार उरले नव्हते अशा गावांत घरोघर जाणे म्हणजे काय, हे ज्याने क्षेत्रकार्य केले आहे त्याला सांगावे लागणार नाही.

पाहणीच्या तक्त्यातील पहिलाच रकाना अवघड असतो : कुटुंब कशाला म्हणावयाचे? सातबारा वडिलांच्या नावे, दोन भावांच्या चुली निराळ्या, एका घरात विधवा सून आणि तिची मुले. हे एक कुटुंब की तीन? हा पारिभाषिक काथ्याकूट वाटेल, परंतु घराचा आकार त्यावर ठरणार होता. जागतिक बँकेच्या साहाय्याने 1994 पासून राबविलेल्या महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रमात 52 गावे नव्या जागी वसविण्यात आली. भूमिहीन आणि 1 हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना 250 चौरस फुटांचे, 1 ते 7 हेक्टर जमीनधारकांना 450 चौरस फुटांचे, आणि त्यापुढील जमीनधारकांना 750 चौरस फुटांचे घर, असे प्रमाण ठरले. म्हणजे पुरवठ्याचे माप माणसांच्या संख्येवर न बसता जमिनीच्या क्षेत्रावर बसले. महसुली दप्तरात जमिनीची नोंद तयार होती, चुलींची नव्हती. राज्यकर्त्यांनी हाताशी असलेले माप उचलले. प्रशासनाची निकड मान्य करूनही म्हणावे लागते की, सात माणसांच्या भूमिहीन कुटुंबाला 250 चौरस फूट देणारे माप हे गरजेचे माप नव्हे. कुटुंबनिहाय पाहणीचे मोल नेमके येथे आहे. तिच्यामुळे निकष बदलला असे नाही, पण निकष आणि गरज यांतील अंतर मोजता येण्याजोगे झाले.

या कार्यक्रमाची दुसरी बाजू पुरवठ्याच्या अभ्यासकास अधिक उद्बोधक आहे. नव्या जागेवरील सुमारे 28,000 घरे बहुतांशी ठेकेदार, देणगीदार संस्था व उद्योगसमूह यांच्यामार्फत उभी राहिली. ती एकाच ठिकाणी मोठ्या संख्येने व एकाच नमुन्याची असल्याने मालाचा हिशेब सोपा होता. परंतु गावाचे रूप नगरासारखे आखीव झाले, आणि गुरे, कडबा, औते यांना जागा कुठे, हा प्रश्न रहिवाशांनी मागाहून आपल्या परीने सोडविला. याउलट दुरुस्ती व बळकटीकरणाच्या योजनेत 13 जिल्ह्यांतील सुमारे 2 लाख घरे होती. येथे पैसे हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या बँकखात्यात जमा होत, कनिष्ठ अभियंता येऊन काम पाहून जाई, आणि बांधून घेण्याची जबाबदारी मालकावर असे. माळवदावरील मातीचा भार कमी करणे, भिंतीत आरपार दगड बसविणे, वरून काँक्रीटचा पट्टा फिरविणे, अशी ही कामे. प्रत्येक घराला सिमेंट-लोखंड थोडे, पण ठिकाणे लाखांनी! कोणत्याही कारखानदाराच्या वितरण-व्यवस्थेला हे गणित सहज झेपले नसते. ते झेपले याचे एक कारण असे की, शेवटची जबाबदारी ज्याला गरज होती त्याच्याच हाती राहिली. दुसरे कारण म्हणजे माहितीची वाट. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या स्त्रियांना 'संवाद सहाय्यक' म्हणून उभे केले. हप्ता का अडला, पट्टा कुठे फिरवावयाचा, हे त्या घरोघर सांगत आणि गावची अडचण वर पोहोचवीत. फॉरेस्टर यांनी ज्या विकृतीचे वर्णन केले, तिच्यावर याहून स्वस्त उपाय ग्रंथांत क्वचितच सापडेल.

तेव्हा 1933 ची फळबाजाराची पाहणी आणि 1993-94 ची भूकंपग्रस्त कुटुंबांची पाहणी या एकाच परंपरेतील मानावयास हरकत नसावी. दोहोंचा आरंभ मालापासून होत नाही, तो ज्याच्या दारी पोहोचावयाचा त्याच्यापासून होतो. उद्योगासमोर मांडल्या जाणाऱ्या संशोधनात प्रश्न बहुधा साठा किती ठेवावा, गाडी कोणत्या मार्गाने न्यावी, असे असतात. ते क्षुद्र नाहीत. उसापासून औषधांपर्यंत साऱ्यांना त्यांची उत्तरे हवी आहेत. परंतु त्यांत गिऱ्हाईक आधीच ठरलेला असतो, त्याची मागणी आकड्याच्या रूपाने हाती आलेली असते. सास्तूरला तो आकडा विद्यार्थ्याला स्वतः, वहीत, ढिगाऱ्यावर बसून तयार करावा लागला. आणि या कामाचा पैसा देणारा वेगळा, त्याचे फळ भोगणारा वेगळा, अशी स्थिती असल्याने अहवाल कोणासमोर मांडावयाचा हा प्रश्नही खुला राहतो. नव्या सास्तूरच्या रहिवाशांना आपल्याविषयी काय लिहिले गेले हे ऐकविण्याची सोय कोणत्याही प्रदर्शनाच्या नियमावलीत नसते.

'आविष्कार'मध्ये मानव्यविद्या, वाणिज्य-व्यवस्थापन-विधी, शुद्ध विज्ञाने, कृषी-पशुसंवर्धन, अभियांत्रिकी आणि वैद्यक-औषधनिर्माण असे सहा गट आहेत. घर, जमीन, गुरे, सिमेंटचा हिशेब, जखमी माणसे आणि चुलींची संख्या एकाच तक्त्यात भरून आणणाऱ्या त्या पाहणीचा तक्ता यांपैकी कोणत्या गटात दाखल करून घेतला गेला असता, हे परीक्षकांना विचारून पाहण्यासारखे आहे.