चालकाविना धावणारी मोटार : वेमोची जडणघडण

चालकविरहित मोटारींच्या क्षेत्रात अग्रणी असलेली वेमो ही कंपनी डिसेंबर २०१६ मध्ये अल्फाबेट या उद्योगसमूहात स्वतंत्रपणे उभी राहिली असली, तरी तिचे मूळ अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील डार्पा या संशोधनसंस्थेने भरवलेल्या शर्यतींत सापडते. मार्च २००४ मध्ये मोहावी वाळवंटातील पहिल्या शर्यतीत एकही वाहन शेवटपर्यंत पोहोचले नाही, आणि सर्वांत पुढे गेलेले कार्नेगी मेलन विद्यापीठाचे वाहनही सुमारे १२ किलोमीटरवर अडकले. पुढच्याच वर्षी मात्र पाच वाहनांनी सुमारे २१२ किलोमीटरचा मार्ग पार केला आणि सेबास्टियन थ्रुन यांच्या नेतृत्वाखालील स्टॅनफर्ड विद्यापीठाची ‘स्टॅनली’ ही मोटार पहिली आली.

२००९ मध्ये गूगलने या कामासाठी प्रकल्प सुरू केला, तेव्हा थ्रुन यांच्याबरोबर कार्नेगी मेलनचे ख्रिस अर्मसन हेही त्यात आले आणि शर्यतीतील प्रतिस्पर्ध्यांचे ज्ञान एकाच ठिकाणी साठले. सुरुवातीच्या प्रियस मोटारींच्या टपावर ‘लायडार’ बसवलेले असे. लेसर किरण वस्तूवर आदळून परतण्यास किती वेळ लागतो, यावरून अंतर मोजून भोवतालचे त्रिमितीय चित्र तयार करणारे हे उपकरण आधीच काढलेल्या रस्त्यांच्या सूक्ष्म नकाशांच्या जोडीने वापरले जाई.

तथापि कंपनीची दिशा ठरवली ती उपकरणांनी नव्हे, तर माणसाच्या स्वभावाविषयीच्या एका निरीक्षणाने, आणि या निरीक्षणाला द्यावे तितके महत्त्व थोडेच आहे. २०१३ च्या सुमारास महामार्गावर चाचणीसाठी मोटारी दिलेल्या कर्मचाऱ्यांना, गरज पडताच सुकाणू हाती घेण्याची स्पष्ट सूचना असूनही, यंत्रावर विश्वास बसताच त्यांचे लक्ष उडाले. काही जण फोनमध्ये गुंतले, एकाला तर झोप लागली. अर्धवट स्वयंचलन हेच अधिक धोक्याचे ठरते, असा निष्कर्ष काढून प्रकल्पाने चालकाला केवळ साहाय्य करणारी, लवकर विकता येण्याजोगी प्रणाली बाजूला ठेवली आणि सुकाणू व पायाखालच्या कळा नसलेली छोटी मोटार २०१४ मध्ये लोकांपुढे आणली.

उत्पन्न लांबणीवर टाकणारा हा निर्णय धाडसाचा आणि योग्यही होता. फिनिक्स परिसरात डिसेंबर २०१८ मध्ये भाड्याची सेवा सुरू झाली तरी बहुतेक मोटारींत देखरेखीसाठी माणूस बसतच होता, आणि चालकाच्या जागी कोणीही नसलेली सेवा सर्वसामान्यांना खुली होण्यास ऑक्टोबर २०२० उजाडला. सॅन फ्रान्सिस्कोत अशा मोटारी मध्येच थांबून बंबांची वाट अडवतात, ही अग्निशमन दलाची तक्रार गंभीर होती; तरीही ऑगस्ट २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सार्वजनिक उपयुक्तता आयोगाने तेथे चोवीस तास भाडे आकारून सेवा देण्यास संमती दिली.