गुळगुळीत पैसा

वीस-बावीस वर्षांपूर्वीची दिवाळी. मी माळ्यावरचा पितळी डबा खाली काढला. आत अव्वांचा, म्हणजे माझ्या आजेसासूबाईंचा, खणाचा बटवा होता. त्यात सदतीस नाणी. काळी, चिकट, गुळगुळीत. अव्वांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मी हौसेनं चिंच-मीठ घेतलं आणि सगळी नाणी अशी घासली की ताटात नुसता लखलखाट! सासूबाई काही बोलल्या नाहीत. एक नाणं उचलून बोटांत फिरवलं आणि परत ठेवलं.

पुढं आठवड्यानं मी ती जुन्या नाण्यांच्या एका व्यापाऱ्याला दाखवली. तो म्हणाला, "वहिनी, काळी होती तोवर ही नाणी होती. आता तांबं झालं."

मला राग आला. किमतीसाठी बोलतोय, असं वाटलं. पण त्यानं समजावून सांगितलं तेव्हा चूक कळली. झिजलेल्या नाण्यावरची अक्षरं उंचीनं दिसत नाहीत, ती खोलगट भागात साठलेल्या काळेपणानं दिसतात. सपाट भाग बोटांनी उजळतो, अक्षराच्या कडेला जुना मळ राहतो, म्हणून अक्षर वाचता येतं. चिंचेच्या आंबटानं मी तो काळेपणाच काढून टाकला होता. जे शंभर वर्षांच्या हातांना पुसता आलं नव्हतं, ते मी एका दुपारी पुसलं.

तेव्हापासून मी झिजकी नाणी वाचायला शिकले. विकत घेते तीही झिजलेलीच, कारण गृहिणीच्या पैशात तीच बसतात. बायका मला विचारतात, "ज्यावर काही दिसत नाही ते घेऊन करतेस काय?" म्हणून हे सांगते आहे.

अव्वांच्या बटव्यात चार शिवराया होत्या. शिवराई म्हणजे तांब्याचा पैसा. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. १६७४ च्या राज्याभिषेकापासून ही नाणी सुरू झाली, आणि पुढं पेशवाईतही त्याच नावानं ठिकठिकाणच्या टांकसाळींत पडत राहिली. त्यामुळं हातात आलेली प्रत्येक शिवराई महाराजांच्या काळातली नसते, हे विकत घेणारीनं लक्षात ठेवावं. ही नाणी हातोड्यानं ठोकलेली. शिक्का मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, म्हणून नवी असतानाच त्यावर अर्धीमुर्धी अक्षरं उमटायची. वरून झीज. आमच्या एका शिवराईवर फक्त 'जा' आहे, दुसरीवर 'शि'ची वेलांटी, तिसरीवर 'पति'. एकटी एकही वाचता येत नाही. शेजारी मांडली की राजाचं नाव जुळत जातं.

इंग्रजी पैशाची झीज वेगळी. तो यंत्रावर पडलेला, काठ उचललेला. १८६२ नंतरच्या पैशावर व्हिक्टोरिया राणीचा मुखडा असतो. जे उंच ते आधी झिजतं, म्हणून राणीचा गाल आणि केस पहिल्यांदा जातात. मागच्या बाजूचं साल मात्र कितीतरी दिवस टिकतं. राणी सपाट झाली तरी तिचं साल सांगता येतं! नव्या पैशाचं वजन साधारण साडेसहा ग्रॅम. आमच्यातला एक सोनाराच्या काट्यावर पावणेसहा भरला. बाकीचं पाऊण ग्रॅम तांबं कुठं गेलं? कुणाच्या कनवटीला, कुणाच्या पिशवीला, बाजारातल्या शेकडो तळहातांना थोडं थोडं लागून गेलं.

व्यवहारात मात्र झिजलेल्या नाण्याला कधी मान नव्हता. मुघलांच्या रुपयावर बादशहाच्या राज्याचं कितवं वर्ष ते कोरलेलं असे. चालू सालाच्या रुपयाला पूर्ण भाव. साल जुनं झालं की वजन भरलं तरी सराफ काही टक्के कापून घेत. त्या कपातीला बट्टा म्हणत. 'नावाला बट्टा लागला' असं आपण म्हणतो, तो हाच सराफकट्ट्यावरचा बट्टा. उलट चोख माणसाला 'बंदा रुपया' म्हणायचं आणि स्पष्ट बोलण्याला 'खणखणीत नाणं'. आणि तेच तेच बोलून जीर्ण झालेल्या शब्दांना काय म्हणतो? 'गुळगुळीत'! इंग्रज सरकारनंही हाच न्याय लावला. १९०६ च्या नाणे कायद्यानं रुपयाचं वजन शंभराला दोनपेक्षा जास्त घटलं, की तो देणंघेणं फेडायला चालत नसे.

आमच्या घरी दुकान होतं धान्याचं. मामंजी सांगायचे की त्यांच्या वडिलांजवळ एक राणीछाप रुपया वेगळा, फडक्यात गुंडाळलेला असे. तो कधी खर्चायचा नाही. कारण रुपया म्हणजे एक तोळा, आणि ऐंशी तोळ्यांचा शेर. बारीकसारीक जिन्नस रुपयाभार, दोन रुपयेभार असे तोलून दिले जात. झिजका रुपया पारड्यात टाकला तर गिऱ्हाईकाला माल कमी जाणार. कमी मापानं देणं आणि जास्त मापानं घेणं हा आपल्या अचौर्य अणुव्रताचा अतिचार, आणि खोटा माल खऱ्यात खपवणं हाही. तत्त्वार्थसूत्रात हे दोन्ही एकाच सूत्रात सांगितले आहेत. म्हणून तोलायला कोरा रुपया आणि चालवायला झिजका, अशी ती वाटणी होती.

नाण्यांचा विचार आपल्या श्रावकांनी फार आधीपासून केला आहे. ठक्कुर फेरू या जैन श्रावकानं दिल्लीच्या टांकसाळीतल्या अनुभवावरून १३१८ साली 'द्रव्यपरीक्षा' हा ग्रंथ लिहिला. अडीचशेहून अधिक प्रकारच्या नाण्यांत सोनं किती, रुपं किती, मोल किती, हे त्यानं आपल्या भावासाठी आणि मुलासाठी लिहून ठेवलं. विसाव्या शतकात अगरचंद आणि भंवरलाल नाहटा यांनी त्याची पोथी उजेडात आणली. ग्रंथाचं नावच बघा, द्रव्यपरीक्षा. फेरूंनी द्रव्य पाहिलं, आणि टांकसाळीत तेच बघायला हवं. पण द्रव्याबरोबर पर्याय असतो, हेही आपल्याला पाठशाळेत शिकवलेलं असतं. तांबं तेच, अवस्था बदलत जाते. मी झिजकी नाणी गोळा करते ती त्या अवस्थेसाठी.

आपल्या या सीमाभागाची तर मोठी अवस्था एका नाण्यात मावते. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. पाच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ ला, नया पैसा आला. सासूबाई तेव्हा नव्या नवरी. त्या सांगतात, "आण्याला सहा नये पैसे देत होते. सोळा आणे सुटे मोडले तर शहाण्णवच हातात यायचे, आणि रुपयाला शंभर! चार पैसे गेले कुठं, म्हणून भाजीवालीशी रोज भांडण." राज्य कुठलं, हा वाद मोठ्यांचा. बाईला पहिल्यांदा कळलं ते चार पैशांनी. त्यांच्या हातून झिजलेला आण्याचा तुकडा माझ्याकडं आहे. कोऱ्या नाण्याला ही गोष्ट ठाऊक नसते. ते कुणाच्या भांडणात नव्हतंच.

अमेरिकेत नाण्याला १ ते ७० असे गुण देतात. शेल्डन नावाच्या संग्राहकानं १९४९ साली ही मोजणी काढली. सत्तर म्हणजे अगदी निर्दोष, एक म्हणजे जेमतेम ओळखू येणारं. आणि तिथं काही हौशी लोक मुद्दाम एक गुणाचीच नाणी शोधतात म्हणे! हे कळलं तेव्हा मला धीर आला. वेडी मी एकटी नाही.

तरी एक प्रश्न मला टोचायचा. हाही परिग्रहच ना? बसदीत एकदा एका माताजींना विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "परिमाण कर." मग मी ठरवलं, अव्वांच्या बटव्यात मावतील तेवढीच. नवं एक आलं तर जुनं एक शाळेतल्या एखाद्या मुलीला द्यायचं, त्यावरचं साल शोधायला शिकवून.

त्या बटव्याचं अस्तर पुढं उसवलं तेव्हा शिवणीत अडकलेली एक पै सापडली, अडतिसावी. चिंच तिला लागली नव्हती. मी ती सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "आत्याबाई अशाच फिरवत बसायच्या, जपाच्या मण्यासारखी." हे मला घासायच्या आधी विचारता आलं असतं. सासूबाई समोरच बसल्या होत्या.

तुमच्याही माळ्यावर असा एखादा डबा असेल. उघडाल तेव्हा चिंच लांब ठेवा, आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला आधी शेजारी बसवा.