वरोऱ्याचें आनंद निकेतन महाविद्यालय आणि त्याचा शेजार

विद्यास्थान आणि त्याच्या भोंवतालची वस्ती यांचा परस्परांशीं संबंध कसा असे, याविषयीं आपल्याकडील कोरीव लेख बरेच बोलके आहेत. विजापूर जिल्ह्यांत साळोटगी येथें राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या कारकीर्दींतील शके ८६७ (इ. स. ९४५) चा शिलालेख आहे. नारायण नांवाच्या त्याच्या मंत्र्यानें तेथें शाळा बांधली. देशोदेशींहून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीं २७ निवासस्थानें होतीं. आणि गांवकऱ्यांनीं लग्नास ५, मुंजीस अडीच व चौलास सव्वा याप्रमाणें नाणीं शाळेस द्यावीं, असा निर्बंध केला होता. खानदेशांत चाळीसगांवाजवळील पाटण येथील शके ११२८ चा लेख तर आमच्या वाचकांच्या पूर्ण परिचयाचा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला, निकुंभ वंशांतील सोइदेवानें त्यास दान दिलें, आणि पेठेंतील मालावरचे व तेलाच्या घाण्यांवरचे कांहीं हक्क मठाकडे लावून दिले. त्याचा तपशील मराठींत खोदलेला असल्यामुळें भाषेच्या अभ्यासकांनीं त्या ओळींचा कीस काढला आहे. परंतु घाण्यावरच्या तेल्याचा व मठांतील विद्यार्थ्याचा संबंध काय होता, इकडे लक्ष थोडेंच गेलें.

या दोन्ही लेखांत देणारी वस्ती प्रतिष्ठित आहे, घेणारें विद्यास्थान पूज्य आहे, आणि देण्याचें फल पुण्य आहे. हा क्रम इतका रूढ आहे कीं, कोठें तो उलटा झाला तर त्याची नोंद करावी असें कोणास सुचतहि नाहीं. असें एक उलट उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यांत वरोऱ्यानजीक आनंदवनांत घडलें. तें फार जुनें नाहीं, आणि ताम्रपट व बखरी यांत रमणाऱ्या आमच्या मंडळींस तें कदाचित् आपल्या कक्षेबाहेरचें वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं.

वरोरा हें वर्ध्याहून बल्लारशाहकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील कापसाच्या बाजाराचें गांव. येथील कोळशाची खाण १९०६ सालीं बंद पडली. मुरलीधर देविदास ऊर्फ बाबा आमटे हे येथें वकिली करीत व नगरपालिकेचे उपाध्यक्षहि होते. १९४९ सालीं महारोगी सेवा समिति स्थापन झाली, आणि जून १९५१ मध्यें गांवाबाहेरच्या खडकाळ माळावर विनोबांच्या हस्तें आनंदवनाचा आरंभ झाला. आरंभींचे रुग्ण अवघे सहा. पहिलें मोठें काम विहीर खणण्याचें. आणि ज्यांच्या बोटांस संवेदना नव्हती, त्यांच्याच हातांत पहार आली.

या लोकांचें शास्त्रांत काय स्थान होतें, हें सांगणें आमच्यासारख्या जन्मभर संस्कृत शिकविणाऱ्यावर येतें. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत दायविभागाच्या प्रकरणीं असाध्य रोगानें ग्रस्त झालेल्यास ‘निरंशक’ म्हटलें आहे. म्हणजे वडिलार्जित धनांत त्यास वांटा नाहीं. परंतु त्याच श्लोकांत तो ‘भर्तव्य’ आहे, म्हणजे कुटुंबानें त्यास पोसलें पाहिजे, असेंहि सांगितलें आहे. व्यवहारांत लोकांनीं पहिला शब्द काटेकोरपणें पाळला आणि दुसरा सोयीनें विसरून टाकला. पुढें इंग्रजी अमदानींत १८९८ च्या कायद्यानें निर्धन महारोग्यांस धरून निराळें ठेवण्याची तरतूद झाली. रोगामुळें वारसा बुडण्याचा जुना नियम १९२८ च्या कायद्यानें बहुतांशीं गेला. १८९८ चा कायदा मात्र २०१६ सालीं रद्द झाला, आणि हा रोग घटस्फोटाचें कारण मानणारीं कलमें निघावयास २०१९ साल उजाडलें. आनंदवनाच्या इतिहासाचा विचार करितांना या तारखा जवळ ठेवाव्या.

आरंभीं वरोरा गांव व आनंदवन यांचा शेजार नांवालाच होता. माळावर भाजी पिकूं लागली, रुग्णांस पुरून उरूं लागली. परंतु महारोग्यांच्या हातची भाजी बाजारांत घेणार कोण? आरंभींच्याच वर्षांत सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे निरनिराळ्या देशांतील तरुण तेथें येऊन राहिले, रुग्णांबरोबर त्यांनीं इमारतींचें काम केलें व तेथील अन्न खाल्लें. गोऱ्या लोकांनीं खाल्लेली भाजी खावयास हरकत नाहीं, असें मग गांवास वाटलें. हा प्रसंग सांगतांना बहुतेक लेखक गांवाचें मन पालटल्याचें सांगतात. आमच्या मतें पालटलें तें मन नव्हे, भीति थोडी कमी झाली. आणि तीहि परक्यांचा दाखला मिळाल्यावर. तथापि पुढें जें घडलें त्याची वाट या भाजीच्या टोपलीनेंच मोकळी केली, हें मान्य करावें लागतें.

१९६४ सालीं महारोगी सेवा समितीनें आनंदवनांत आनंद निकेतन महाविद्यालय काढलें. कला, विज्ञान व वाणिज्य हे त्याचे विषय. पुढल्याच वर्षीं कृषि महाविद्यालय निघालें. दोहोंच्या उभारणींत रुग्णांचे श्रम होते. पहिलें नागपूर विद्यापीठाशीं जोडलेलें होतें, आणि गडचिरोली येथें २०११ सालीं गोंडवाना विद्यापीठ झाल्यावर त्याकडे गेलें. दुसरें १९६९ त स्थापन झालेल्या अकोल्याच्या कृषि विद्यापीठाच्या कक्षेंत आलें. हीं महाविद्यालयें रुग्णांसाठीं नव्हतीं. तीं वरोऱ्याच्या व भोंवतालच्या खेड्यांतील मुलांसाठीं होतीं. ज्या गांवानें दहा-बारा वर्षांपूर्वीं त्यांची भाजी नाकारली, त्याच गांवाच्या मुलांस रुग्णांनीं बसावयास जागा दिली. साळोटगीचा क्रम येथें पुरता फिरला: निरंशक देणारे झाले, आणि प्रतिष्ठित वस्ती घेणारी झाली.

येथें दुसराहि एक भेद ध्यानांत घेण्यासारखा आहे. पुण्याचें फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ सालीं शनिवार पेठेंतील वाड्यांत सुरू झालें, मग गांवाबाहेरच्या मोकळ्या जागेंत गेलें, आणि मागाहून वस्ती त्याच्या भोंवतीं वाढली. सामान्यतः असेंच घडतें; महाविद्यालय आधीं, शेजार नंतर, आणि शेजाऱ्याच्या तक्रारी त्याहून नंतर. आनंदवनांत शेजार आधींचा होता. विद्यार्थ्यास वर्गांत जावयाचें तर रुग्णांच्या वस्तींत पाऊल टाकल्यावांचून गत्यंतर नव्हतें. कुंपण घालून वस्तीस दूर ठेवण्याची भाषा तेथें बोलतां येण्यासारखी नव्हती, कारण जागा वस्तीची होती.

एवढ्यावरून सर्व किल्मिष धुऊन गेलें असें कोणी लिहिलें तर तें आम्ही मान्य करणार नाहीं. सुमारें चाळीस वर्षांपूर्वींची गोष्ट. आमचा एक विद्यार्थी मॅट्रिक होऊन तेथें शिकावयास गेला. त्याच्या आईनें पहिले कांहीं महिने घरून पाण्याची बाटली व डबा न चुकतां दिला, आणि तेथें कांहीं घ्यावयाचें नाहीं अशी शपथ घातली. मुलानें शपथ किती दिवस पाळली, हें त्यानें हंसत हंसत सांगितलें. आईस मात्र पदवी हातीं येईपर्यंत सांगितलें नाहीं. पदवी पाहून ती माउली देवापुढें पेढे ठेवावयास गेली. ते पेढे आनंदवनांत नेऊन वांटावे, हें तिच्या मनांत आलें कीं नाहीं, हें विचारण्याचा धीर आम्हांस झाला नाहीं. एका पिढींत शेजार कितपत जुळतो, याचें माप अशा घरगुती गोष्टींवरूनच काढावें लागतें. सभांच्या वृत्तान्तांवरून तें निघत नाहीं.

आतां साधनांविषयीं. आनंदवनाची बाजू लिखित आहे, कै. साधनाताई आमटे यांचें ‘समिधा’ हें आत्मकथन त्यांत अग्रगण्य होय. घर चालविणाऱ्या बाईच्या नजरेस जें पडतें, तें अहवालांत येत नाहीं, आणि म्हणून आम्ही त्या पुस्तकास अस्सल साधन मानतों. गांवाची बाजू मात्र लोकांच्या तोंडीं आहे, आणि तीं तोंडें आतां ऐंशीच्या घरांत पोंचलीं आहेत. १९६४ सालीं अठरा वर्षांचा असलेला विद्यार्थी आज ऐंशीच्या आसपास आहे. त्यानें वर्गमित्राच्या वहीवर काय लिहिलें, घरीं पत्र काय धाडलें, त्याच्या बापानें फी भरतांना दुकानाच्या वहींत ती रक्कम कोणत्या खातीं टाकली, हे सर्व कागद आमच्या दृष्टीनें मोडी दप्तराइतकेच मोलाचे आहेत. मोडी रुमाल तरी कोणी जपून ठेवतो. शाईच्या पेनानें लिहिलेली वही रद्दींत जावयास एक दिवाळी पुरते.

वरोरा, भद्रावती, चिमूर या बाजूच्या ज्या सद्गृहस्थांकडे १९५१ ते १९७५ या अवधींतील असे कागद असतील, त्यांनीं ते मूळ न देतां नकला जरी पाठविल्या तरी काम भागेल. बाजारांतील भाजीच्या अडत्यांच्या वह्या मिळाल्यास त्या आधीं पाहाव्या. आनंदवनाचा माल नांव घालून कोणत्या महिन्यापासून चढूं लागला, हें त्यांत एका ओळींत सांपडेल.